काकूच्या वाणात निघालेला विषाणू

चंद्रावरच्या वसाहतीत साधी सर्दीसुद्धा कुणाला होत नसे. पृथ्वीवरून येणारा माणूस, त्याची चप्पल, त्याचा कंगवा, सगळं धुऊन-पुसून मगच आत घेतलं जाई. मग सुमेधाकाकूच्या अंगात विषाणू निघालाच कसा? इरा तर तीनताड उडाली.

झालं होतं असं. इराची आई वसाहतीची डॉक्टर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाट्या-डबे सोडून वाण म्हणून चाचणीची कांडी वाटली. गर्भाशयमुखाची (गर्भाशयाच्या दाराची) तपासणी घरच्या घरी करायची कांडी! बायका हसल्या, पण तपासणी सगळ्यांनी केली. काकूच्या कांडीवर लाल रेघ उमटली. एचपीव्ही.

"अगं बाई, हा तर कॅन्सरचा विषाणू!" काकू मटकन खाली बसली. इराच्या आईने नाना परीने समजावलं, पण काकू कसली ऐकतेय! तिने ताट-वाटी वेगळी केली आणि इराची रोजची वेणी घालणंही बंद केलं. "लांब राहा गं माझ्यापासून," ती दाराआडून म्हणायची. काकू आता मरणार, असंच इराला वाटलं.

ती तडक खुशालकडे गेली. खुशाल म्हणजे दवाखान्यातला यंत्रमानव, प्रेशर कुकरएवढा आणि तितकाच शिट्ट्या मारणारा.

"काकूला ना ताप, ना खोकला. मग हा आला कुठून?"

"पृथ्वीवरूनच आला असेल, गपचूप," खुशाल म्हणाला. "तो मोठ्या माणसांच्या खाजगी जवळिकीतून लागतो. ताटातून नाही, कंगव्यातून नाही, वेणीतून तर मुळीच नाही. दारावर आपण ही तपासणी करतच नव्हतो. आणि इराबाई, बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी तो होतोच."

इराने आ वासला. "बहुतेक? मग सगळ्या आजारी का पडत नाहीत?"

"त्यांचं शरीरच त्याला हाकलतं. पण वेळ लागतो, कारण हा भारी बेरकी. फक्त वरवरच्या थरात राहतो. रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. गडबडच नाही, तर पहारेकरी जागे होणार कसे? तरी कधीतरी गस्ती पेशींना (फिरून पाहणी करणाऱ्या पेशींना) त्याचा तुकडा सापडतो. त्या तो जवळच्या लसिका ग्रंथीत (लढणाऱ्या पेशी जमतात तिथे) नेऊन दाखवतात. तिथल्या टी-पेशी त्याची ओळख पक्की करतात, परत येतात आणि विषाणू लपलेल्या पेशी हेरून मारतात. त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. दहातल्या नऊजणींचा विषाणू दोनेक वर्षांत असाच जातो."

"औषधाशिवाय?" इराचा विश्वासच बसेना. मग ती एकदम घाबरली. "आणि दहावी?"

"तिच्या अंगात तो ठाण मांडतो. वर्षानुवर्षं राहिला, तर पेशी बिघडून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून पुन्हा पुन्हा तपासायचं. बिघाड लवकर दिसला, की तेवढाच भाग काढता येतो."

"काकू त्या नऊजणींतली की दहावी?"

खुशालने शिट्टी मारली नाही. "ते आज मलाही सांगता येत नाही."

इरा धावत घरी आली. काकूच्या दारात फतकल मारून तिने सगळं, अगदी दहावीसकट, सांगून टाकलं.

"म्हणजे मी इथे दार लावून रडतेय, आणि माझं अंग तिकडे लढतंय?" काकूने दार उघडलं. ती थक्कच झाली होती. "आण तो कंगवा. काय झिंज्या करून ठेवल्यास गं!"

वर्षभर वेणी रोज झाली, भीतीही रोज वाटली. इराने या विषाणूवरची लस टोचून घेतली. तिच्या पेशींना या चोराची ओळख आधीच पटलेली बरी. पुढच्या संक्रांतीला काकूने पुन्हा कांडीने तपासणी केली. लाल रेघ नव्हती.

"तरी पुढची तपासणी चुकवायची नाही," आईने बजावलं.

काकू रडत होती, हसतही होती. इराने तिळगुळाचा सगळ्यात मोठा लाडू उचलला आणि तिच्या तोंडात कोंबला.

"अगं, एवढा मोठा मला?"

"तुला नाही काही," इरा म्हणाली. "आत लढल्या ना, त्यांना."