दुसरं इनपुट

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायची आणि लोक मुकाट्याने आ करायचे. त्यामुळे वाद्यांच्या दुकानात शिरल्यावरही, शेल्फापाशी उभ्या असलेल्या उंच, चष्मेवाल्या माणसाला तिने सरळ हुकूमच सोडला.

“मला घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. माइक आहे, कॉम्प्युटर आहे. दोघांना जोडणारा ऑडिओ इंटरफेस हवाय. यातला कुठला घेऊ?”

तो दचकला. मग हसू दाबत त्याने दोन डब्या पुढे सरकवल्या.

“हिला एकच इनपुट, म्हणजे एका वेळी एकच माइक. हिला दोन. एकात गाणं, दुसऱ्यात गिटार. गाणार कोण?”

“मी.”

“आणि वाजवणार?”

“कुणी नाही. मी एकटीच.”

“तरी दोनची घ्या. उद्या कुणी आलं तर...”

“येणार नाही.”

एवढं ठामपणे बोलायला कारण होतं. तिची आतेबहीण गिटार वाजवायची आणि ही गायची. शाळेपासून दोघींची जोडी. मग आतेबहीण नोकरीसाठी दूर गेली आणि हिचं गाणंच बंद पडलं. आता पुन्हा गायचं, पण कुणावर विसंबून नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून दुकानदार आले. “काय मास्तर, मिळाल्या का तारा?”

तिने चष्मेवाल्याकडे वळून पाहिलं. “तुम्ही इथे कामाला नाही?”

“नाही. मी शाळेत भूमिती शिकवतो. गिटारच्या तारा घ्यायला आलो होतो.”

“मग मघापासून बोलताय कशाला?”

“तुम्ही विचारलंत... आणि तुमच्यापुढे नाही म्हणायची छाती होईना.”

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. हिने एका इनपुटची डबी उचलली आणि मोबाइल पुढे केला. “नंबर द्या. सल्ला चुकला तर कुणाला धरायचं?”

त्याने नंबर दिला. वर स्वतःसाठी दोन इनपुटची डबी घेतली.

“गिटार एका इनपुटात. दुसऱ्यात काय लावणार?”

“बघू...” तो म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तिला तो लाल रंग भारी आवडला.

घरी तिने दाराला रजई टांगली, पंखा बंद केला, हेडफोन चढवले आणि पहिला सूर लावला. तर तिचाच आवाज कानात मागाहून आला! ती थांबली की तो यायचा, ती पुढे गेली की तो मागे राहायचा. घामाघूम होऊन तिने फोन लावला.

“मास्तर, तुमची डबी बिघडलेली आहे.”

“माझी? निवडलीत तुम्ही!”

“वाद नको, उपाय सांगा.”

“तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये फेरफटका मारून परत येतोय, म्हणून उशीर. डबीवर ‘डायरेक्ट’ लिहिलेलं बटण असेल, ते दाबा. आवाज परस्पर कानात येईल.”

तिने दाबलं. सूर जागच्या जागी आला.

“आता म्हणा ना...” तो हळूच म्हणाला.

ती एक ओळ गायली आणि थांबली. पलीकडून तीच ओळ गिटारवर आली. फोनवर बरोबरीने वाजवायचं तर आवाज मागेपुढे होतात, म्हणून आधी ती आणि मग तो. दुसऱ्या संध्याकाळी तिला नवी शंका आली. तिसऱ्या संध्याकाळी आणखी एक. सुरुवातीच्या शंका खऱ्या होत्या. नंतरच्या ती दवाखान्यात बसून तयार करायची आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं.

मग एकदाचं गाणं पूर्ण झालं.

“झालं रेकॉर्ड,” तिने फोनवर ऐटीत सांगितलं. “आता शंका संपल्या.”

“अरे वा... छान,” तो म्हणाला. आणि त्याने फोन ठेवून दिला.

आईने डोळे मिटून गाणं ऐकलं. “आवाज गोड लागलाय गं. पण दर ओळीनंतर एवढी थांबतेस कशाला? दम लागतो?”

तिने पुन्हा लावून ऐकलं. खरंच की! प्रत्येक ओळीनंतर आणखी एक ओळ मावेल एवढी जागा तिने मोकळी सोडली होती. गाताना तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

“कुणाची वाट बघतेस?” आईने विचारलं.

लेकीने गाणं मध्येच बंद केलं. उत्तर तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली. “ही बदलून द्या. दोन इनपुटची हवीय.”

“त्या संपल्या हो,” दुकानदार म्हणाले. “म्हणजे... एक आत्ताच परत आलीय.” आणि त्यांनी शेल्फाकडे बोट दाखवलं. तिथे मास्तर खाली मान घालून उभे होते.

“परत का केलीत?” तिने जवळ जाऊन विचारलं.

“दुसरं इनपुट रिकामं बघवेना. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, कुणी येणार नाही म्हणून. मी आपला उगाच आशा लावून बसलो.”

“ही डबी मी घेते,” ती म्हणाली. “तुम्ही कुठलीच घ्यायची नाही.”

“मग मी काय करू?”

“रविवारी गिटार घेऊन माझ्याकडे यायचं.”

तो आला. रजई टांगली, पंखा बंद झाला, दोन्ही इनपुटांत वायरी गेल्या. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं, पहिली ओळ गायली आणि थांबली. पण गिटार वाजलीच नाही. तो तिच्याकडे बघतच राहिला होता.

त्या मोकळ्या जागेत ती माइकसमोरून न हलता म्हणाली, “आवडता तुम्ही मला.”

त्याचा हात तारांवर तसाच राहिला. “हे... रेकॉर्ड झालं.”

“होऊ दे.”

“पुसून टाकू?”

“हात तर लावून बघा!”

तो हसला, पुढे झाला आणि तिच्याच माइकवर वाकला. “मला तर तुम्ही दुकानात हुकूम सोडलात तेव्हापासून आवडता.”

“मग माझ्या माइकवर कशाला सांगताय?” ती म्हणाली. पण आता तिच्याही कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तुमचं इनपुट वेगळं आहे.”

त्याने मागे टेकून गिटार सावरली आणि तिची ओळ वाजवायला घेतली. ओळ संपेपर्यंत थांबणं काही तिला जमलं नाही. ती मधूनच गाऊ लागली.