मनोऱ्यावर दोघं

सभागृहाबाहेरच्या माठातून पाणी घ्यायला वाकले होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जरा लवकर आटपा हो, सभा सुरू होतेय."

हातातला पेलाच निसटला. तो आवाज! वणव्याचा अख्खा हंगाम मी जंगलातल्या टेहळणीच्या पूर्व मनोऱ्यावर एकटीनं काढला, आणि पश्चिम मनोऱ्यावरून वॉकीटॉकीवर रोज हाच आवाज यायचा — "पूर्व, धूर दिसतोय का?" चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता.

"पश्चिम... तुम्ही?"

तो बघतच राहिला. "अरेच्चा, पूर्व! मला वाटलं, चांगल्या दांडग्या असाल. आवाजात काय दरारा!"

"आणि मला वाटलं, तुम्हाला मिशा असतील."

हसलो खरे, पण माझं सगळं लक्ष सभेकडे होतं. आज आम्हा हंगामी वनरक्षकांच्या करारावर मतं पडायची होती. पगारवाढ थोडकी, पण दर मनोऱ्यावर एकाऐवजी दोन माणसं. नामंजूर झाला तर पुन्हा मी एकटी. वारा उठला की पान हलायचं, पान हललं की जीव हलायचा. खालून आग आली तर उतरायला जिना एकच...

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. भित्र्यांना पुढच्या हंगामात बोलावत नाहीत म्हणे. एकदाच, धुरानं सूर्य झाकला तेव्हा, तोंडून निघून गेलं होतं, "बोलत राहा ना..." आणि तो अंधार पडेपर्यंत बोलत राहिला. मावशीच्या आगाऊ बकरीबद्दल!

सभेत तो माझ्या शेजारी बसला. युनियनच्या ताईंनी करार वाचला, तसा मागून एक दाढीवाला गरजला, "दोन माणसं कशाला? पगार वाढवा की! भीती कुणाला वाटते? उठा, बघू तरी!"

हशा पिकला. भिंतीशी खात्याचे साहेब उभे होते, एकेक चेहरा न्याहाळत.

मी उठले. कशी उठले, देव जाणे.

"मला वाटते भीती. रोज."

हशा थांबला. साहेबांची मान वळली. गेली नोकरी, मनात आलं...

शेजारची खुर्ची करकरली. "मलाही वाटते," तो म्हणाला. "धुराच्या दिवशी मी बडबडत होतो, ते काही हिला धीर द्यायला नव्हे. माझीच पाचावर धारण बसली होती."

मग एक काका उठले. मग दोघी बहिणी. शेवटी दाढीवाला, "वाटते हो, वाटते! घ्या आता मतं."

हात वर झाले, करार मंजूर झाला. साहेब निघून गेले. आमचे चेहरे लक्षात ठेवून गेले की काय, कोण जाणे.

बाहेर पायरीवर तो घुटमळला. "आता तर जास्तच भीती वाटतेय."

"आता कसली?"

"तुझ्या जोडीला... दुसऱ्याच कुणाला धाडलं तर?"

अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. एवढ्या लोकांसमोर बोलले होते मी, आणि आता या एकाकडे मान वर करून बघवेना.

"मी ताईंना सांगू?" त्यानं हळूच विचारलं.

"तू नको सांगूस."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी सांगते —" म्हटलं, आणि ताई निघून जाण्याआधी त्यांना गाठायला आत धावत सुटले.