ऋतुजा की रुतुजा

ही गोष्ट खरी आहे. नेकनूरच्या छबुबाईंना विचाराल तर त्या म्हणतील, "असलं काई झालंच न्हाई." पण म्हणताना त्यांची मान वर उठायची नाही. तेवढ्यावरून ओळखावं.

मागच्या माघातली भर दुपार. धाकट्या भावाच्या, अंगदच्या लेकीचं बारसं. छबुबाई आत्या, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा.

नाव ठरलेलं होतं. वाद होता अक्षराचा.

"ऋषीचा ऋ," बाळाची आई तेजश्री म्हणाली.

"कावून? र ला उकार दे की!" अंगद म्हणाला. "ऋ काढता काढता पोरीचा हात मोडंल."

"तुमचा मोडला आसंल. तिचा न्हाई मोडायचा."

बाया फिदीफिदी हसल्या. छबुबाईही हसल्या. "लिव्हा कसंबी. तोंडाला दोनी एकच."

पण ते हसू फार टिकलं नाही.

चार वर्षांपूर्वी याच पाळण्याशी वाकून त्यांनी अंगदच्या पहिल्या लेकीच्या कानात सांगितलं होतं...

"नकुशी."

पुढचा मुलगा व्हावा म्हणून. नाव त्यांनीच सुचवलेलं. तेजश्री तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून होती. ती पोर सातव्या महिन्यात तापानं गेली. नको म्हणूनच हाक मारलेली लेक. तिच्यासाठी रडायचं तरी कुठल्या तोंडानं?

पाळणागीत सुरू झालं. रीत अशी, की बाळासारखा कुंची घालून नटवलेला वरवंटा आधी पाळण्यात ठेवायचा. मग बाळ पाळण्याखालून एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं.

"कुणी गोविंद घ्या... कुणी गोपाळ घ्या..."

पाळण्याखालून छबुबाईंच्या हातात गाठोडं आलं.

उबदार. दुपट्याच्या घडीत इवलासा कान.

त्यांनी ओठ टेकवले. "कुर्रर्र... रुतुजा."

गाठोड्यानं सुस्कारा टाकला... लई दिवस दारात उभं राहिलेल्याला बस म्हणावं आणि त्यानं टाकावा, तसा.

"अवं आक्का," पलीकडून शेजारची सायली ओरडली, "वरवंट्याला नाव ठिवायलात व्हय? मी बाळ आजून दिलंच कुठं!"

बायांची हसून हसून पुरेवाट झाली.

छबुबाईंनी पाळण्यात पाहिलं.

वरवंटा तिथंच होता... कुंची घालून.

हातात नुसतं दुपटं. रिकामं.

अजून गरम.

नाव पुन्हा सांगितलं गेलं, खऱ्या बाळाच्या कानात. नोंदीत ऋ लागला. पेढे वाटले.

आता पोर चालती झाली आहे. नावानं हाक मारली की वळते, हसते...

पण लगेच येत नाही. आधी जराशी बाजूला सरकते. कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

एकदा तेजश्रीनं हळूच विचारलं, "आक्का, त्या दिशी पयल्यांदा कुणाच्या कानात सांगितलंत?"

"वरवंट्याच्या," छबुबाई म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसत बाहेर गेल्या.

त्या दिवसापासून ते नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. भाचीला त्या नुसतं "बाई" म्हणतात.

त्यांना माफी मागायची आहे. पण माफी मागायची, तर आधी हाक मारावी लागेल.

आणि हाकेला ओ आली तर...