न उघडणारी मूठ

खडकाळ बेटापर्यंत अकरा मैल होडी न्यायची, तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, एवढीच मोहीम होती. अट मात्र कडक होती. शिडाचा दोर आणि सुकाणू, दोन्हींना घड्याळजीशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. लागला, की परीक्षा तिथेच संपली. याआधी दोनदा ती तशीच संपली होती. ही तिसरी आणि शेवटची खेप.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून घड्याळजीच्या डाव्या हाताची मूठ वळायची, पण आपण होऊन उघडायची नाही. दुकान मेहुण्याकडे गेलं. घरात जो तो त्याच्या हातातल्या वस्तू काढून घेऊ लागला. कप, किल्ली, कंगवासुद्धा. न्हाणीघराच्या दाराबाहेरही कुणीतरी खाकरत उभं असायचं. पास झाला, तर धक्क्यावरची होडी त्याला एकट्यानं न्यायला मिळणार होती. एकट्यानं! त्या एका शब्दापायी तो पन्नाशी उलटल्यावर शीड चढवायला शिकला होता.

होडीत आणखी दोघं होती. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे कप्तान म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांनी याहून मोठी होडी चालवली नव्हती, ती गोष्ट वेगळी. दुसरी थोरली ताई, घरच्यांनी नेमलेली पहारेकरीण.

"मला पोहता येत नाही हं, आधीच सांगते," ताई म्हणाली.

"मग आलीस कशाला?"

"तुझ्यावर लक्ष ठेवायला."

"कुठून? तळातून?"

कप्तान हसले नाहीत. परीक्षेच्या दिवशी ते तोंडच उघडत नसत.

सकाळभर वारा डावीकडून एकसारखा येत राहिला. किनारा मागे पुसट होत गेला आणि पुढे पाणी, पाणी आणि पाणीच. उजव्या हातानं दोर ओढायचा, तो मांडीखाली दाबायचा, तोच हात पुन्हा सुकाणूवर न्यायचा. पुन्हा दोर, पुन्हा मांडी, पुन्हा सुकाणू. चौथ्या तासाला मांडी बधिर झाली, खांदा भरून आला. बेट अजून नखाएवढंच दिसत होतं. आपल्याला हे झेपणारं नव्हतंच, असं त्याला वाटू लागलं. आणि त्या थकव्यातच त्याला एक युक्ती सुचली. डावी मूठ तर कधीच दमत नाही! त्यानं दोर तिच्यात सरकवला. बोटं घट्ट मिटली. अहाहा, काय आराम!

कप्तानांच्या भुवया वर गेल्या. घड्याळजीनं तिकडे पाहिलंच नाही.

पाण्यावर एक काळा पट्टा धावत आला. वाऱ्याचा झोत! शीड टम्म फुगलं. होडी कलंडली. उजवी कड पाण्याखाली गेली, पाणी धो धो आत शिरलं! दोर सोडायला हवा होता. मूठ उघडेना! त्यानं जीव खाऊन जोर लावला. बोटं आणखीच आवळली.

"अरे सोड, सोड!" ताई ओरडत त्याच्या मुठीकडे झेपावली.

"ताई, हात लावू नकोस!"

"बुडतोय आपण, मेल्या!"

"लावू नकोस म्हणतो ना!" ताईचे हात हवेतच थांबले.

आता उघडणारा हात एकच होता, आणि तो सुकाणूवर होता. त्यानं सुकाणू सोडलं. संपलं, असं मनाशी म्हणत त्यानं उजव्या हातानं डाव्या हाताची करंगळी उचकटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. दोर सुटला.

पण त्याआधीच काहीतरी झालं होतं. मोकळी सुटलेली होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करून वळली होती. शीड रिकामं फडफडत होतं. होडी सरळ झाली होती!

ताई मुकाट्यानं डब्यानं पाणी उपसू लागली. घड्याळजीनं दोर मांडीखाली घेतला. अजून चार मैल उरले होते. ते कसे गेले, हे त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही.

दुपार कलताना होडी बेटाच्या वाळूला लागली. तिघंही वाळूवर बसली.

"तुम्ही पास," कप्तान म्हणाले.

घड्याळजी खाली मान घालून म्हणाला, "कप्तान, खरं सांगतो. सुकाणू मी हुशारीनं नाही सोडलं. होडी वळेल हे मला ठाऊकच नव्हतं."

"मग का सोडलं?"

"दुसरा हातच नव्हता."

कप्तान म्हणाले, "पण आता ठाऊक झालं ना? मग झालं. आणि दोर पुन्हा त्या मुठीत दिसला, तर होडी मिळायची नाही. उद्या सकाळी बेटाला एक चक्कर मारून या. एकटे."

"एकटा जाशील?" ताईनं विचारलं.

"उद्या जाईन," तो वाळूवर आडवा होत म्हणाला. "आज कुणीतरी माझे बूट काढा."