हँडलवरचं तिसरं कार्ड

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण माझा मावसभाऊ नितेश थापा मारणाऱ्यातला नाही, आणि हे सांगताना त्याने माझा हात एकदाही सोडला नव्हता.

मुलुंडचं एक सबस्टेशन. गेल्या मार्चमधला मंगळवार.

भर दुपार होती.

ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या व्हॉल्व्हमधून तेल गळत होतं. कामाला दोघंच, नितेश आणि रिटायरमेंटला चार महिने उरलेले शिवदासकाका. वीज बंद केली की स्विचच्या हँडलवर प्रत्येकाने आपल्या नावाचं लाल कार्ड अडकवायचं. काम संपलं की ज्याचं त्यानेच काढायचं. हँडल रिकामं झाल्याशिवाय वीज सोडायची नाही.

वायसर बदलला. गळती थांबली. दोघं खाली उतरले.

हँडलवर तीन कार्डं होती...

तिसरं तेलाने काळं पडलेलं. त्यावर नाव होतं दादू.

"हा कोण, काका?" नितेशने हात पुढे केला.

"हात लावू नको." काकांचा आवाज फाटला. "बावीस वर्षं झाली. मला घाई होती. दादू जेवायला गेला समजून त्याचं कार्ड मीच काढलं. तो वरच होता रे."



तेवढ्यात वरून...

टक. टक. टक.

लोखंडावर पाना आपटत होता.

"मी त्याला खाली घेऊन येतो," म्हणत काका शिडी चढले.

फोन वाजला. कंट्रोल रूम. "कधी सोडायची वीज? लोक बोंबलतायत." पाच मिनिटं मागून घेऊन नितेश वळला.

हँडलवर आता फक्त त्याचंच कार्ड होतं...

"काका?"

वर पाना वाजत नव्हता. नितेश शिडी चढला.

काका व्हॉल्व्हला टेकून बसलेले सापडले. गेलेले. व्हॉल्व्ह कोरडा, पण त्यांचे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. ती दोन कार्डं मिळालीच नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याच व्हॉल्व्हचं तेल पुन्हा गळायला लागलं. काम आटपून नितेश खाली आला, तर त्याच्या कार्डाशेजारी आणखी एक कार्ड...

शिवदास.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.



"फोन सारखा वाजत होता गं. मीच काढलं."

वीज सोडताना वरून काही ऐकू आलं का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.