धुक्यातली दगडी घरं

चंद्रीचा वाळा कोरड्या जमिनीत ठेवायचा, एवढ्यासाठी आम्ही स्कॉटलंडच्या त्या डोंगरावर निघालो होतो.

चंद्री माझी पहिली मुलगी. नुकती चालायला लागली आणि तापाने गेली. नदीकाठी तिला पुरलं. पुढे धरण झालं, त्या जागेवर पाणी चढलं, ते पुन्हा उतरलंच नाही. माझ्याकडे राहिला तिचा चांदीचा एक वाळा, घुंगरांचा.

२००३च्या उन्हाळ्यात मी हॅरोला मुलाकडे, प्रज्ञेशकडे आले होते. एक दिवस त्याने कम्प्युटरवर फोटो दाखवला. उंच डोंगरात तळं, तळ्यात बेट, बेटावर छप्पर उडालेलं जुनं चर्च.

"आई, पूर्वी इथली माणसं आपले मेलेले या बेटावर नेऊन पुरायची. लांडग्यांनी उकरू नये म्हणून. यंदा पाऊस नाही, तळं उतरलंय. पाण्याखालची दगडी वाट उघडी पडलीय."

चारी बाजूंनी पाणी, आणि तरी पाण्याने न गिळलेली थडगी! मी म्हणाले, "मला तिथं ने."

सून मृणालही निघाली. तिघांच्या पाठीवर तीन पिशव्या, वाळा माझ्या कनवटीला. ओढ्याच्या कडेने चढत आम्ही दुपारपर्यंत तळ्याशी पोचलो. ओढा जिथून तळ्याबाहेर पडतो तिथे दगडांचा मोठा, कमरेएवढा ढीग होता.

"ही इथली वाटेची खूण," प्रज्ञेश म्हणाला. "परतताना हा ढीग शोधायचा आणि ओढा धरून उतरायचं. सोपं!"

शेजारच्या टेकाडावर बसून आम्ही पोळी-चटणी खाल्ली. पलीकडे कडा तुटलेला होता, खाली दरी. मृणाल मात्र दगड गोळा करायला लागली. आपल्याकडे डोंगरावर गेलं की माणसं घर मिळावं म्हणून दगडावर दगड रचतात, तसं. ढिगापासून कड्यापर्यंत तिने घरांची रांगच लावली.

"काय गं, तू तर हे मानत नाहीस ना?" मी विचारलं.

"नाही मानत, आई. पण आमच्या शेजारच्या पिनरमधल्या घरांच्या किमती बघितल्यात ना? काहीतरी करायला हवंच!"

"मग एक संडास जास्तीचा माग. सकाळी नवरा तुझा बाहेर येत नाही."

"आई!" प्रज्ञेश ओरडला. आम्ही दोघी हसलो. ते हसणं पाण्यावरून फिरून परत आलं, जरा उशिराने. मला ते आवडलं नाही.

दगडी वाट शेवाळाने निसरडी होती. आम्ही निम्मी ओलांडली. चर्चची भिंत, तिच्या पायाशी कलंडलेले लहान लहान दगड स्पष्ट दिसायला लागले. एवढ्या लहान थडग्यांखाली मोठी माणसं नसणार. मी कनवटीला हात घातला.

आणि बेट गेलं!

धुकं आलं नाही, ते पडलं. भिंत गेली, पाणी गेलं, पुढचा प्रज्ञेशही अर्धा गेला.

"आई, मागे फिर!"

"चार पावलं राहिलीत रे."

"आई, प्लीज!" त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. एक मूल गेलेलं, एक समोर. मी फिरले.

काठ लागला. हात धरून चाचपडत चाललो. तेवढ्यात मागून, पाण्याच्या बाजूने, शिट्टी वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

"इथे अडकलेला माणूस अशी शिट्टी वाजवतो," प्रज्ञेश म्हणाला. त्याने हाका मारल्या. उत्तराची शिट्टी चारी दिशांनी आली. कुठे जाणार?

मग पायाशी दगडांची चळत दिसली. "खूण! चला!" प्रज्ञेश म्हणाला. पुढे दुसरी. तिसरी. आम्ही भराभर चाललो. ओढ्याचा आवाज मात्र वाढेना, उलट कमी झाला. मी थांबले. एक दगड उचलून पुढे टाकला.

तो पडल्याचा आवाजच आला नाही!

मृणाल खाली बसली. हातांनी चळत चाचपली. "हे माझं घर आहे," ती पुटपुटली. "सगळ्यात शेवटचं. कड्यावरचं."

कुणी हललं नाही. मागे शिट्टी वाजली. आता जवळ.

"तो शिट्टीवाला या घरांच्या मागोमाग कड्यावर येईल," मृणाल म्हणाली, आणि तिने चळत ढकलून दिली.

आम्ही उलटे फिरलो. एकेक घर लागलं, एकेक तिने मोडलं. रडत होती, पण एकही सोडलं नाही. पुन्हा ओढा ऐकू आला, आणि हाताला तो मोठा ढीग लागला.

पण मागच्याला हा खरा ढीग कसा कळणार? वारा सुटला होता, तरी धुकं हलत नव्हतं. मी वाळा काढला. पिशवीचा दोरा ओवून वरच्या दगडाला बांधला, गाठ दातांनी ओढून घट्ट केली. घुंगरं वाजायला लागली.

"आई, तो चंद्रीताईचा..." प्रज्ञेश म्हणाला.

"वाजू दे. जिवंत माणसाच्या कामाला येऊ दे."

ओढ्यात पाय घालून आम्ही उतरलो. घुंगरांचा आवाज बराच वेळ सोबत होता. शिट्टी पुन्हा वाजली नाही.

खाली फोन लागताच प्रज्ञेशने पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी माणसं कुत्री घेऊन वर गेली. कुणी सापडलं नाही. कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. पायथ्याशी आमच्याखेरीज एकही गाडी नव्हती.

ढिगावर वाळाही नव्हता. दोरा तेवढा त्यांनी आणून दिला. "कुणीतरी चोरला," मृणाल म्हणाली.

मी दोरा बोटांत फिरवून पाहिला. तो कापलेला नव्हता, तुटलेला नव्हता. दातांनी आवळलेली ती गाठ कुणीतरी बसून, हळूहळू, सोडवली होती. आणि इतक्या निगुतीने सोडवलेली वस्तू कुणी पाण्यात टाकत नाही, कोरड्या जमिनीत ठेवतं.