रोवणा संपायच्या दिवशी

रूम नंबर चारच्या दारात आम्ही दोघं एकाच वेळी पोचलो. माझ्या हातात गणिताचं पुस्तक होतं. तिच्या हातात पाण्यानं भरलेली बरणी, आणि तिच्यात हिरवं शेवाळ.

"हा तास माझा आहे," मी म्हणालो.

"माझाही आहे," ती म्हणाली.

नव्या सत्राचा पहिला आठवडा होता. वेळापत्रक करणाऱ्यानं गणित आणि वनस्पतिशास्त्र एकाच खोलीत टाकलं होतं. आम्ही दोघंही तासिका तत्त्वावरचे. तास घेतला तर धरला जायचा, सोडला तर गेला. म्हणून कोणीच मागं सरेना. बाहेर पाऊस पडत होता, तिच्या ओल्या वेणीतून पाणी ठिबकत होतं, आणि मला दारातून बाजूला व्हायचं सुचत नव्हतं.

शिपाई हिरालाल घंटा वाजवून आला. "दोघंही आत जा ना, सर. पोरं तं तिघंच हायेत."

दोन गणिताचे, एक तिची. आम्ही फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडं मी, उजवीकडं ती. मी बोलायला लागलो की ती थांबायची, ती बोलायला लागली की मी. तास संपला तेव्हा माझ्या पोरांना शेवाळ समजलं होतं. गणिताचं सांगता येत नाही.

तिचं नाव रंजिता रामटेके. साकोली तालुक्यातल्या एकोडीची, इथं कोंढ्यात खोली घेऊन राहायची. मी अश्विन निनावे, पवनीचा. आमच्या घरी हातमाग. माझे वडील मागावरच म्हातारे झाले, आणि आई मंगलाबाई अजून कांड्या भरायची.

"बाकीची पोरं कुठं आहेत?" तिनं स्टाफरूममध्ये विचारलं.

"रोवण्यावर. धान लावणं संपेपर्यंत नाही येत कोणी. दरवर्षीचंच आहे."

"मग आपण काहून इथं बसून राहिलो?"

मला वाटलं, गंमत करते. पण दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांची परवानगी घेऊन आली आणि म्हणाली, "चला सर, छत्री घ्या."

कॉलेजच्या मागच्या रस्त्यानं थोडं गेलं की शकुनबाईंची बांधी, म्हणजे धानाचं शेत, लागायची. त्यांची पोरगी रुचिता आमच्याच वर्गात होती. दहा-बारा बाया आणि आमचीच पाच-सहा पोरं चिखलात वाकलेली. मी बांधावरून बुटासकट खाली उतरलो आणि घोट्याच्या वर रुतलो. पाय निघाला, बूट नाही निघाला.

"बांधीत कोणी बुटानं येते का?" रंजिता हसू दाबत म्हणाली.

"मागावर बसायला बूट काढायची सवय आहे. चिखलाची कोणी सांगितली नव्हती."

"आता सांगते. द्या हात."

तिनं हात दिला. चिखलानं भरलेला, गार, आणि घट्ट. मी बाहेर आलो, पण हात सोडायला दोघांनाही थोडा उशीर झाला.

त्या दिवशी तिनं पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची, जुडी हातात धरून मुळं कशी काम करतात ते सांगितलं. मी विचारलं, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवलं तर ह्या बांधीत किती रोपं बसतील. पोरं रोवता रोवता हिशेब करू लागली. बायांनाही चेव आला. एक म्हणे इतकी, दुसरी म्हणे तुझी वीत लहान हाये. पावसात, चिखलात, मी तेवढा चांगला तास कधी घेतला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी आभाळ भरून यायचं, आम्ही दोघं एका छत्रीत निघायचो. छत्री तिची होती आणि लहान होती. माझा डावा खांदा भिजायचा, तिचा उजवा.

"सर, शिकवताना माझ्याकडं पाहू नका," एकदा ती म्हणाली.

"का?"

"उत्तर चुकते."

"कोणाचं?"

"तुमचंच. काल सात आठं चौपन्न केले. पोरं काही बोलली नाहीत, पण शकुनबाई हसल्या."

मी म्हणालो, "मग तुम्ही समोर उभ्या राहू नका."

"मग कुठं राहू?"

बांधीतल्या पाण्यावर पाऊस टपटपत राहिला.

जुलैच्या शेवटी प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. शिकवण्याच्या नव्या पद्धती शोधण्यासाठी विद्यापीठानं योजना काढली होती. कॉलेजनं एका शिक्षकाचं नाव पाठवायचं. समिती येऊन तास पाहणार. आवडला तर त्या शिक्षकाला नागपूरला विद्यापीठात पूर्ण वेळ काम, बाकीच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना शिकवायचं. दर जूनला मुलाखत द्यायची कटकट संपणार होती.

"तुम्ही दोघं मिळून करता, मले माहीत आहे," प्राचार्य म्हणाले. "पण नाव एकच मागतात. कोणाचं देऊ?"

"मॅडमचं," मी म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात ती थांबली. "इतक्या लवकर दिलं माझं नाव?"

"कल्पना तुमची होती."

"होती. पण तुम्हाले विचार करायला थोडा तरी वेळ लागेल वाटलं होतं."

"कशाचा विचार?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि छत्री न उघडताच पायऱ्या उतरली.

कशाचा विचार, ते मला चांगलं ठाऊक होतं. ती गेली तर रूम नंबर चारमध्ये मी एकटा उरणार होतो. एक शब्द बोललो असतो तर कदाचित ती थांबली असती, आणि मला तेच नको होतं. तिच्या वडिलांनी, सेवकरामजींनी, दुसऱ्यांच्या बांध्यांत राबून तिला एम.एस्सी. केलं होतं. ते काही माझ्याबरोबर एका छत्रीत चालण्यासाठी नाही. आणि बोलायचं तरी कोणत्या तोंडानं? आम्ही कोष्टी, ते बौद्ध. आईनं तिच्याबद्दल ऐकलं होतं. एक दिवस जेवताना तिनं विचारलं, "एकोडीची ना ते? कोणाची पोरगी?" मी सांगितलं. आईनं भात वाढला. मग म्हणाली, "तुले करमन का रे, ते गेल्यावर?"

मी भात कालवत राहिलो.

समिती आली तो दिवस शकुनबाईंचा रोवणा संपायचा होता. विद्यापीठातून आलेल्या मॅडम साडी वर खोचून बांधावर उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत बसल्या नाहीत. रंजिता गुडघाभर चिखलात होती. मी तिच्यापासून दहा हात दूर, ठरवून. तास सुंदर झाला. रुचितानं सगळ्यांच्या आधी हिशेब सांगितला.

मॅडम खूश झाल्या. "रामटेके, तुम्ही पुढच्या महिन्यात नागपूरला या. रीतसर कळवतीलच."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. रंजितानं माझ्याकडं पाहिलं. मी पण टाळ्या वाजवल्या. मग बूट हातात घेऊन बांधावरून निघालो.

शकुनबाई आडव्या आल्या. त्यांच्या मागं सगळ्या बाया. आमच्याकडं रोवणा संपला की बाया बांधावर वाट अडवतात, काही घेतल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. मालक असो की वाटसरू. न देणाऱ्याला फासायला हातात चिखल असतोच.

"द्या सर, काहीतरी," शकुनबाई म्हणाल्या.

मी खिसे चाचपले. पाकीट स्टाफरूममध्ये राहिलं होतं. "उद्या देतो, बाई."

"उद्या कोणाचा रोवणा हाये? आज पायजे."

"खरंच काही नाही माझ्याजवळ."

"पैसे नाही तं नाही. एक गोठ खरी सांगा, सोडतो." त्यांनी माझ्या मागं, रंजिताकडं पाहिलं. "मॅडम चालली नागपूरले. तुम्ही महिनाभरापासून एका छत्रीत येऊन राहिले, अन् आज नुसत्या टाळ्या वाजवता? अस्सा कसा जी तुमचा हिशेब?"

बाया खुदखुदल्या. विद्यापीठाच्या मॅडम दुसरीकडं पाहू लागल्या, पण कान इकडंच होता. रंजिता पऱ्ह्याची शेवटची जुडी घेऊन तशीच उभी होती. ती हसत नव्हती.

पुढं बाया, मागं रंजिता, दोन्ही बाजूंना चिखल. जायला जागाच नव्हती.

"त्यांना अडवायचं नाही," मी शकुनबाईंना म्हणालो. "त्यांनी गेलंच पाहिजे. मी... मी फक्त..."

"माह्याशी काय बोलता? तिच्याशी बोला."

मी वळलो. "रंजिता, तू जा. तू गेल्यावर मला इथं करमणार नाही, हे मी महिनाभर सांगितलं नाही, कारण तू थांबली असतीस. आता तुझं ठरलं आहे, म्हणून सांगतो. आईलाही मी आज सांगणार आहे. मी वाट पाहीन."

पावसाची बारीक भुरभुर तेवढी चालू होती.

"वाट कायले पाहता?" रंजिता म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. "पवनीहून नागपूरले बस नाही का? रविवारी सुट्टीच असते तुम्हाले."

"येऊ?"

"या. पण बाबांले भेटायले आधी एकोडीले या. अन् बूट घालून या, तिथं मी घरात राहीन, बांधीत नाही."

बाया हसल्या, आणि शकुनबाईंनी चिखलाचं बोट माझ्या गालाला लावून वाट मोकळी केली.

पुढं एकोडीला गेलो, नागपूरला गेलो, लग्न झालं, संसार झाला. मग दवाखाने झाले, आणि मागच्या पावसाळ्यात ती गेली. ते सगळं खरं आहे, पण ते लिहायला मला जमत नाही. मी परत परत त्या बांधावरच येतो. गालावरचा चिखल अजून ओला असतो. समोर ती वाकते, थोडी जागा रिकामी दिसते तिथं हातातली शेवटची रोपं लावते, आणि न पाहता म्हणते, "असे पाहू नका, सर. अजून एक ओळ बाकी आहे."